सुतावरून गुन्हेगार

न्यूयॉर्क शहरात १९४० पासून १६ वर्षे अधूनमधून बॉम्ब पेरणारा एक माणूस पोलिसांच्या हाती लागत नव्हता. चित्रपटगृहांच्या खुर्च्यांत, रेल्वेस्थानकांत, टेलिफोनच्या बूथमध्ये त्याने ३० हून अधिक बॉम्ब ठेवले, आणि वीज कंपनीने आपल्यावर अन्याय केल्याची तक्रार करणारी पत्रे तो वर्तमानपत्रांना व पोलिसांना पाठवत राहिला. अखेर १९५६ मध्ये पोलिसांनी जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेतला. ब्रसेल यांनी पत्रे आणि छायाचित्रे पाहून त्या माणसाचे वर्णन केले: मध्यमवयीन, अविवाहित, संशयाने पछाडलेला, कमालीचा नीटनेटका. वर असेही सांगितले, की तो पकडला जाईल तेव्हा त्याच्या अंगात डबल-ब्रेस्टेड सूट असेल आणि त्याची बटणे लावलेली असतील. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की पकडला गेला, तो अविवाहित होता, आणि पोलिसांबरोबर निघताना त्याने खरोखरच तसाच सूट घातला. गुन्हेगाराचे प्रोफाइल, म्हणजे गुन्ह्याच्या खुणांवरून रचलेले त्याचे वर्णन, काय असते हे जगाला समजले ते या बटणांमुळे, आणि त्याविषयीचा गैरसमजही तेथूनच रुजला.

दारावर पोलीस आले तेव्हा मेटेस्की झोपण्याच्या कपड्यांत होता. सूट त्याने नंतर चढवला, आणि त्या काळात त्या वयाच्या माणसाने तसा सूट घालणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हती. मुख्य म्हणजे त्याला शोधले ते वीज कंपनीतल्या एका महिला कर्मचाऱ्याने. नुकसानभरपाईच्या जुन्या फायली चाळताना तिला १९३१ मध्ये जखमी झालेल्या एका कामगाराचा पत्रव्यवहार सापडला, आणि त्यातले शब्द वर्तमानपत्रात छापून आलेल्या बॉम्बवाल्याच्या शब्दांशी जुळले. ब्रसेल यांनी आपल्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या त्या १९६८ मध्ये, म्हणजे आरोपी कोण, कसा दिसतो, कोठे राहतो हे साऱ्या जगाला ठाऊक झाल्यावर. बारा वर्षांनंतर आपलीच भाकिते आठवताना माणसाची स्मृती किती प्रामाणिक राहते, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

तरीही ब्रसेल यांना निकालात काढणे योग्य होणार नाही. त्यांनी पोलिसांना दिलेला एक सल्ला खरोखर मोलाचा होता: हे वर्णन लपवून ठेवू नका, छापा, म्हणजे तो उत्तर देईल. वर्णन छापले गेले, एका दैनिकाने त्याला उद्देशून जाहीर आवाहन केले, आणि अहंकार दुखावलेला तो माणूस आपल्या अपघाताचे तपशील स्वतःच लिहून पाठवू लागला. म्हणजे प्रोफाइलाचा उपयोग झाला, परंतु दंतकथा सांगते तसा नाही. त्याने माणूस ओळखला नाही. त्याने माणसाला बोलते केले, आणि ओळख पटली ती कागदपत्रांवरून. या दोन कामांमधला फरक तपास यंत्रणा, न्यायालये आणि प्रसारमाध्यमे यांनी काटेकोरपणे पाळला पाहिजे, असे मला वाटते. प्रोफाइल हे शोध कोठून सुरू करावा आणि कोणत्या क्रमाने न्यावा हे ठरवण्याचे साधन आहे. अमुक माणूस गुन्हेगार आहे, किंवा तमुक माणूस गुन्हेगार नाही, हे ठरवण्याचे साधन ते कधीच नव्हते.

घटनास्थळावरून माणसाचा स्वभाव वाचण्याचा प्रयत्न यापेक्षा बराच जुना आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील हत्यांनंतर नोव्हेंबर १८८८ मध्ये पोलिसांचे शल्यचिकित्सक थॉमस बाँड यांनी कळवले होते, की हल्लेखोर ताकदवान, थंड डोक्याचा आणि एकट्याने काम करणारा असावा, दिसायला मात्र शांत, निरुपद्रवी, मध्यमवयीन आणि नीटनेटक्या कपड्यांतला असावा, आणि त्याला शरीररचनेचे खाटकाइतकेही ज्ञान नसावे. हे वर्णन आजच्या प्रोफाइलांसारखेच वाचले जाते. मात्र तो खुनी कधीच सापडला नाही, त्यामुळे ते बरोबर की चूक हे तपासण्याची सोयच उरली नाही.

या विद्येला संस्थेचे छत्र मिळाले ते अमेरिकेच्या एफबीआयमध्ये. तेथे १९७२ मध्ये वर्तनशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि पुढे रॉबर्ट रेसलर व जॉन डग्लस या अधिकाऱ्यांनी तुरुंगांत जाऊन ३६ लैंगिक खुन्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. त्या कामातून ‘संघटित’ आणि ‘असंघटित’ गुन्हेगार ही प्रसिद्ध विभागणी घट्ट झाली. पहिला योजना आखणारा, हत्यार बरोबर आणणारा आणि पुरावा पुसणारा, म्हणून बुद्धिमान व चारचौघांत मिसळणारा; दुसरा आवेगाने वार करणारा आणि प्रेत तसेच टाकून जाणारा, म्हणून एकलकोंडा व बेताच्या बुद्धीचा. तुरुंगात समोरासमोर बसून केलेले हे काम धाडसाचे होते यात शंका नाही. परंतु ३६ माणसे म्हणजे किती? आणि तीही पकडली गेलेली, शिवाय बोलायला राजी झालेली. जे पकडलेच गेले नाहीत ते कसे वागतात, आणि तसेच बालपण, तसाच एकटेपणा वाट्याला येऊनही ज्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही अशा असंख्य लोकांपेक्षा हे ३६ जण नेमके कशात वेगळे आहेत, या प्रश्नांची उत्तरे अशा नमुन्यातून मिळू शकत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसांना हा नियम लागू होत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही विभागणी पारखून पाहिली. अमेरिकेतील १०० मालिका खुन्यांचा प्रत्येकी एक खून घेऊन त्यांनी त्यांतील वर्तनाची ३९ वैशिष्ट्ये तपासली, तेव्हा दोन वेगळे गट दिसलेच नाहीत. योजनेच्या खुणा जवळपास सगळ्यांत होत्या आणि गोंधळाच्या खुणाही कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांत विखुरलेल्या होत्या. त्याआधी २००२ मध्ये आंद्रेआस मोक्रोस आणि लॉरेन्स अ‍ॅलिसन यांनी अधिक मूळचा प्रश्न विचारला होता. सारखा गुन्हा करणारी माणसे सारखी असतात का? १०० बलात्काऱ्यांच्या माहितीतून त्यांना असे दिसले, की गुन्ह्याच्या वेळच्या वर्तनातील साम्य आणि वय, शिक्षण, नोकरी, पूर्वीचे गुन्हे यांतील साम्य यांचा परस्परांशी संबंध जुळत नाही. प्रोफाइलची सगळी इमारत ज्या पायावर उभी आहे, तो पायाच येथे डळमळतो. गुन्हेगार एका गुन्ह्यातून दुसऱ्या गुन्ह्यात काहीसा सारखा वागतो, हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते, आणि म्हणून वेगवेगळे गुन्हे एकाच हाताचे आहेत का हे ताडण्यासाठी वर्तनाचा अभ्यास उपयोगी पडतो. मात्र ‘असा वागतो, म्हणजे असा असतो’ ही उडी फार लांबची आहे.

मग अनुभवी तपास अधिकाऱ्यांचा या वर्णनांवर इतका विश्वास का बसतो? याचे उत्तर ज्यांनी राशिभविष्य वाचले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. अ‍ॅलिसन यांच्या गटाने २००३ मध्ये एक खरे प्रोफाइल पोलीस अधिकाऱ्यांच्या दोन गटांना वाचायला दिले. एका गटाला त्याबरोबर खऱ्या गुन्हेगाराची माहिती दिली आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा अगदी वेगळ्या अशा काल्पनिक गुन्हेगाराची. दोन्ही गटांतील निम्म्याहून अधिक अधिकाऱ्यांना तेच प्रोफाइल आपापल्या गुन्हेगाराला चांगले लागू पडते असे वाटले. याच संशोधकांनी २१ प्रोफाइलांतील सुमारे ४,००० विधाने मोजली, तेव्हा त्यांतल्या ८० टक्क्यांना कोणताही आधार दिलेला आढळला नाही. ‘त्याला स्त्रियांशी नाते जोडणे अवघड जाते’, ‘वरवर तो सामान्य वाटेल’, अशी विधाने चुकूच शकत नाहीत, आणि जे चुकू शकत नाही ते बरोबर ठरण्यालाही काही अर्थ नसतो. आरोपी सापडल्यावर जुळणारे तेवढे लक्षात राहते, न जुळणारे विस्मरणात जाते, आणि बोलाफुलाला पडलेली गाठ विद्या म्हणून मिरवते.

येथे एक साधी आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. एखाद्या शहरात तीन लाख प्रौढ पुरुष आहेत आणि ‘तिशीतला, एकटा राहणारा, किरकोळ नोकरी करणारा’ हे वर्णन दर ५० पुरुषांमागे एकाला लागू पडते, असे धरू. वर्णन शंभर टक्के अचूक आहे असेही मान्य करू, हे औदार्य प्रत्यक्षात कोणी दाखवू नये. तरीही त्या शहरात ६,००० माणसे त्या वर्णनात बसतात आणि त्यांतील ५,९९९ निरपराध असतात. तीन लाखांचे सहा हजार झाले, हे तपासाच्या दृष्टीने मोठेच यश आहे. ज्या फायली आधी उघडायच्या त्या कळल्या, मनुष्यबळ कोठे लावायचे ते कळले. पण त्या सहा हजारांतील एखाद्याच्या दारावर थाप मारून ‘तू वर्णनात बसतोस’ असे म्हणणे याला पुराव्याचे मोल शून्याच्या जवळचे आहे. एकाच कागदाची ही दोन मूल्ये आहेत, आणि तपासात सगळा अनर्थ होतो तो दुसऱ्या मूल्याच्या जागी पहिले गृहीत धरल्यामुळे.

तो अनर्थ कसा घडतो हे पाहायचे तर लंडनच्या विम्बल्डन कॉमन येथील १९९२ च्या प्रकरणाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. दिवसाउजेडी एका तरुण आईची तिच्या लहानग्या मुलासमोर निर्घृण हत्या झाली. देश हादरला, पोलिसांवर दबाव वाढला. मानसशास्त्रज्ञाने प्रोफाइल तयार केले, त्यात खुन्याच्या लैंगिक कल्पनाविश्वाचे वर्णन होते. त्या परिसरात कुत्र्याला फिरवायला येणारा एक बेरोजगार, एकटा राहणारा तरुण त्या वर्णनात बसतो असे ठरले. त्याच्याविरुद्ध भौतिक पुरावा काहीही नव्हता. म्हणून एका महिला पोलिसाने ओळख लपवून त्याच्याशी मैत्री केली, महिनोनमहिने पत्रे लिहिली, आपल्यालाही हिंसक कल्पना आवडतात असे भासवले, आणि तो प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या कल्पना बोलून दाखवतो का याची वाट पाहिली गेली. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी स्त्री जवळ येते आहे असे वाटलेल्या त्या माणसाने तिला खूश करण्यासाठी काहीबाही लिहिलेही. खुनाची कबुली मात्र त्याने दिली नाही, ‘मी ते केले नाही’ हेच तो सांगत राहिला. तरी खटला भरला गेला. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा सगळा डाव अत्यंत कडक शब्दांत फेटाळला आणि तो सुटला, तोवर त्याने वर्षाहून अधिक काळ कोठडीत काढला होता.

या पद्धतीतले तर्काचे वर्तुळ पाहा. आधी गुन्ह्यावरून कल्पनाविश्व रचायचे, मग एका माणसाला त्या कल्पना बोलायला उद्युक्त करायचे, आणि त्याने त्या बोलल्या की प्रोफाइल सिद्ध झाले आणि माणूसही सिद्ध झाला, असे म्हणायचे. हा तरुण कोठडीत असतानाच, नोव्हेंबर १९९३ मध्ये, रॉबर्ट नॅपर नावाच्या माणसाने लंडनमध्येच आणखी एका तरुण आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला ठार मारले. विम्बल्डनचा खुनीही तोच होता. डीएनए तंत्र सुधारल्यावर हे उघड झाले आणि डिसेंबर २००८ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. आधीच्या माणसाला ७,०६,००० पौंड भरपाई मिळाली. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यातला पूर्वार्ध अधिक भयंकर आहे, कारण संन्याशामागे धावणाऱ्या यंत्रणेला मोकळा फिरणारा चोर दिसेनासा होतो.

वर्णनाच्या आधाराने माणसे वगळणेही तितकेच घातक ठरते. इंग्लंडमध्ये एकामागून एक स्त्रियांचे खून करणाऱ्या ‘यॉर्कशर रिपर’च्या शोधात १९७९ मध्ये पोलिसांना, खुनी म्हणून बोलणाऱ्या माणसाची एक ध्वनिफीत मिळाली. तिच्यातला आवाज ईशान्य इंग्लंडमधील वेअरसाइड भागातला आहे, हे भाषातज्ज्ञांनी अचूक ओळखले. चूक त्यांची नव्हती. फीतच बनावट होती. पण त्यानंतर ज्याच्या बोलण्यात ती ढब नाही तो संशयातून मुक्त, असा नियम होऊन बसला. खरा खुनी पीटर सटक्लिफ याची तपासाच्या काळात नऊ वेळा चौकशी झाली आणि दर वेळी तो सुटला. अखेर जानेवारी १९८१ मध्ये गाडीवरच्या बनावट क्रमांकपट्ट्यांमुळे तो गस्तीवरच्या पोलिसांच्या तावडीत सापडला. वॉशिंग्टन परिसरात ऑक्टोबर २००२ मध्ये दूरवरून गोळ्या घालून दहा जणांना मारले गेले, तेव्हा दूरचित्रवाणीवरचे तज्ज्ञ एकट्या गोऱ्या पुरुषाची चर्चा करत होते आणि सगळ्या शहराची नजर पांढऱ्या व्हॅनवर खिळली होती. पकडले गेले ते निळ्या मोटारीतले दोघे कृष्णवर्णीय, त्यांतला एक १७ वर्षांचा.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. वंश, धर्म किंवा पेहराव पाहून लोकांना रस्त्यात अडवणे यालाही प्रोफायलिंग म्हणतात, आणि त्याच्या समर्थनार्थ गुन्हेगार-प्रोफाइलचे उदाहरण दिले जाते. दोन्हींच्या तर्काची दिशा उलट आहे. एक गुन्ह्यापासून निघून माणसाकडे जाण्याचा प्रयत्न करते. दुसरे माणसाच्या रूपापासून निघून गुन्ह्याची कल्पना करते, आणि तेथे अनेकदा गुन्हाच घडलेला नसतो. पहिले सदोष शास्त्र आहे, दुसरे पूर्वग्रह आहे.

प्रोफाइल चांगले काम करते ते मनाच्या गाभाऱ्यात शिरते तेव्हा नव्हे, तर जमिनीवर राहते तेव्हा, असा अनुभव आहे. कँटर यांनी १९८६ मध्ये लंडनच्या रेल्वे परिसरातील बलात्कार आणि खुनांच्या मालिकेत पोलिसांना मदत केली, तेव्हा त्यांच्या निष्कर्षांतला सर्वांत उपयोगी भाग होता तो गुन्ह्यांच्या जागांचा नकाशा आणि त्यावरून काढलेला राहत्या भागाचा अंदाज. जॉन डफीचे नाव पोलिसांच्या लांबलचक यादीत आधीपासूनच होते, प्रोफाइलमुळे ते वर आले, आणि मग पाळत, झडती व भौतिक पुरावा यांच्या आधारे तो दोषी ठरला. यादीचा क्रम बदलणे एवढेच तेथे घडले, आणि तेवढे पुरेसे होते.

यामागचे तत्त्व साधे आहे. गुन्हेगारही सवयीने चालणारा माणूस असतो. ओळखीच्या रस्त्यांच्या आसपास तो गुन्हा करतो, घराच्या अगदी लगत टाळतो, आणि दूर जावे तसतशी शक्यता घटत जाते. कॅनडातील व्हँकूव्हरचे पोलीस अधिकारी किम रॉस्मो यांनी १९९० च्या दशकात हे गणिती सूत्रात बसवले. त्यातून ‘येथे राहतो’ असे उत्तर मिळत नाही, तर नकाशाच्या कोणत्या तुकड्यात आधी शोधावे याची उतरंड मिळते, आणि ती चुकली तर किती चुकली हेही मोजता येते. यॉर्कशरच्या प्रकरणात डिसेंबर १९८० मध्ये स्टुअर्ट काइंड या न्यायवैद्यक शास्त्रज्ञाने हल्ल्यांच्या जागा आणि वेळा यांचा असाच मध्य काढून खुनी ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम-शिप्ली भागात राहत असावा असे सांगितले होते. सटक्लिफचे घर त्याच पट्ट्यात होते. बनावट फितीपायी वाया गेलेल्या काळात हा हिशेब कोणी मांडला असता तर, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

गुन्हेगाराशी संवाद कसा ठेवावा, याही बाबतीत वर्तनतज्ज्ञांचा सल्ला उपयोगी पडतो. अमेरिकेतील विचिटा येथे १९७४ ते १९९१ या काळात दहा खून करणारा डेनिस रेडर पुढे अनेक वर्षे गप्प राहिला आणि २००४ मध्ये पुन्हा पत्रे पाठवू लागला. त्याच्या अहंकाराला खतपाणी घालत त्याला लिहिते ठेवण्याचे धोरण पोलिसांनी अवलंबले. अखेर त्याने एक फ्लॉपी डिस्क पाठवली, आणि तिच्यातल्या पुसलेल्या माहितीतून एका चर्चचे नाव आणि ‘डेनिस’ हे नाव मिळाले. तो त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता, विवाहित, दोन मुलांचा बाप. एकलकोंड्या राक्षसाच्या चित्रात तो कोठेच बसला नसता. मेटेस्कीप्रमाणेच येथेही गुन्हेगाराने स्वतः लिहिले आणि ओळख कागदाने नाही तरी डिस्कने पटवली.

एक आक्षेप रास्त आहे: डीएनएच्या काळात हा सगळा खटाटोप हवाच कशाला? कॅलिफोर्नियातील १९७० व ८० च्या दशकांतील खून आणि बलात्कारांचा आरोपी एप्रिल २०१८ मध्ये वंशावळींच्या डीएनए नोंदींवरून सापडला. तो ७२ वर्षांचा होता आणि एके काळी पोलीस होता. परंतु डीएनए प्रत्येक घटनास्थळी मिळत नाही, आणि मिळाला तरी तो कोणाशी ताडायचा हा प्रश्न उरतोच. तेथे क्रम लावणारे साधन उपयोगी आहे. ब्रिटनमधील गॅरी कॉपसन यांच्या १९९५ च्या पाहणीत १८४ प्रकरणांपैकी केवळ २.७ टक्क्यांत प्रोफाइलमुळे गुन्हेगाराची ओळख पटली होती, तरीही ८० टक्क्यांहून अधिक अधिकाऱ्यांना सल्ला उपयोगी वाटला होता. या दोन आकड्यांतली दरी काहींना हास्यास्पद वाटते. मला वाटते, त्यातला काही भाग निव्वळ समाधानाचा असला तरी काही भाग दुसऱ्या नजरेने प्रकरण पाहिल्याच्या खऱ्या फायद्याचाही असावा.

मात्र त्या फायद्याची किंमत ठरलेली असली पाहिजे. प्रोफाइल लेखी असावे, त्यावर तारीख आणि सही असावी, प्रत्येक विधानाखाली त्याचा आधार आणि त्याची संभाव्यता लिहिलेली असावी, ते संशयिताचे नाव पुढे येण्यापूर्वी तयार झालेले असावे आणि आरोपी दोषी ठरल्यावर ओळीओळीने तपासले जावे. न्यायालयात ते ओळखीचा पुरावा म्हणून येऊ नये आणि माध्यमांकडे ते झिरपू नये. अटलांटात १९९६ मध्ये ऑलिंपिकच्या काळात बॉम्ब शोधून लोकांना दूर हटवणारा सुरक्षारक्षक ‘स्वतःच बॉम्ब ठेवून नायक होऊ पाहणारा’ या साच्यात बसवला गेला, त्याचे नाव फुटले, आणि निर्दोष असूनही तो माणूस जगापुढे काही महिने आरोपी म्हणून जगला. विम्बल्डनच्या नामुष्कीनंतर ब्रिटनने या कामाचे नावच बदलून ‘वर्तनविषयक तपास सल्लागार’ केले आणि सल्लागारांच्या मान्यतेची व मूल्यमापनाची पद्धत बसवली. नाव बदलण्याला मी फारसे महत्त्व देत नाही, मूल्यमापनाला देतो.

कोणाचे ऐकायचे याची यंत्रणांची सवय बदलणे त्याहून कठीण आहे. व्हँकूव्हरच्या एका गरीब वस्तीतून स्त्रिया बेपत्ता होत असताना रॉस्मो यांनी १९९८ मध्येच वरिष्ठांना मालिका खुन्याच्या शक्यतेची जाणीव दिली होती. त्यांचा युक्तिवाद कोणाच्या विकृत कल्पनाविश्वाचा नव्हता, आकडेमोडीचा होता: बेपत्ता होणाऱ्यांची संख्या नेहमीच्या मानाने फार जास्त आहे, आणि त्या परत सापडत नाहीत. तो मानला गेला नाही. रॉस्मो यांच्या नोकरीचा करार २००० च्या अखेरीस संपला, तो पुढे वाढवला गेला नाही. त्या वस्तीतील स्त्रियांच्या खुनांबद्दल रॉबर्ट पिक्टन याला अटक झाली फेब्रुवारी २००२ मध्ये.